जुना पीएस२ कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडायचाय, कोल्हापुरात कुणी केलंय का?

पेठेतला_स्ट्रायकर
मंडळी एक मदत पायजे होती. घरात जुना प्लेस्टेशन २ हाय, जाड मॉडेल, अजून डिस्क पहिल्या झटक्यात वाचतंय. पण डबा टीव्ही घर रंगवताना काढून टाकला आणि हॉलमधल्या टीव्हीवर संध्याकाळी सातनंतर आमचा नंबर लागत न्हाई. माझ्या खोलीत कॉम्प्युटरचा २२ इंची मॉनिटर हाय, त्याला मागं व्हीजीए आणि एचडीएमआय एवढंच, आत स्पीकर नाहीत, हेडफोनचं भोक तेवढं हाय. पीएस२ ला तर ती लाल पांढरी पिवळी वायर. हे दोन जोडायचं कसं?

एका दुकानात वायर दाखवली, एका टोकाला लाल पांढरी पिवळी पिन आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए, स्वस्तात हाय. घेऊ का?

एवढा जीव का टाकालोय ते पण सांगतो. पीईएस ६ हा फुटबॉलचा गेम, त्याच्या एडिट मोडमध्ये आम्ही पोरांनी बसून तालमींच्या टीमा बनवल्यात, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, जर्सी, नावं, सगळं. शाहू स्टेडियमवर मॅच बघून यायचं आणि तीच मॅच परत घरात खेळायची. ते सगळं मेमरी कार्डात हाय. मे महिन्यात चुलतभाऊ येणारेत पुण्याहून, त्याच्या आत चालू करायचंय.

उद्यमनगर_सोल्डर
ती वायर घेऊ नको भावा. चित्र येणारच नाही आणि मग तुला वाटणार मॉनिटर खराब नाहीतर पीएस२ गेला.

कारण सांगतो, कारण कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. पीएस२ टीव्हीसाठी बनवलेला. आपल्याकडच्या पॅल टीव्हीत एका चित्राला ६२५ रेषा, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. कॉम्प्युटरच्या मॉनिटरची सगळ्यात खालची पायरी ६४० बाय ४८०, ६० हर्ट्झ, त्यालाच सेकंदाला साधारण ३१,५०० रेषा लागतात. जवळजवळ दुप्पट. त्याखालचं बहुतेक मॉनिटर धरतच नाहीत, काळा स्क्रीन नाहीतर आउट ऑफ रेंज. त्यात टीव्हीचा सिग्नल इंटरलेस, म्हणजे आधी एक सोडून एक रेषा पाठवायच्या आणि मग मधल्या राहिलेल्या, मॉनिटरला मात्र अख्खं चित्र एका दमात लागतं. आणि वर पिवळ्या पिनेत उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळलेला असतो, व्हीजीएला लाल हिरवा निळा वेगवेगळा पायजे. म्हणजे तीन गोष्टी बदलायच्या झाल्या आणि त्या नुसत्या तांब्यानं बदलत नाहीत, मधी चिप लागती आणि चिपला करंट लागतो. ज्या वायरीला वेगळा सप्लाय नाही ती हे काम करू शकत नाही, एवढं दुकानात बघून ओळखता येतं.

अशा वायरी निघतातच कशाला म्हणशील, तर काही प्रोजेक्टर व्हीजीएच्या सॉकेटातून कॉम्पोनंट सिग्नल (उजेड आणि रंग वेगवेगळ्या तीन तारांतून येणारा) घेतात, त्यांच्यासाठी लाल हिरवी निळी पिनवाली वायर असती. तुझ्या कामाची ती पण नाही.

रंकाळा_नाईट्स
एवढा खटाटोप कशाला मर्दा, कॉम्प्युटर हाय की तुझ्याकडं. पीसीएसएक्स२ टाक, कॉम्प्युटरवर पीएस२ चे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, डिस्क ड्राइव्हमध्ये घाल, फुल एचडीत खेळ.

पेठेतला_स्ट्रायकर
@रंकाळा_नाईट्स ते माहिताय, पण कॉम्प्युटर लय जुना हाय, ग्राफिक कार्ड न्हाई, मॅच स्लो मोशनमध्ये चालती. आणि मेमरी कार्डातल्या टीमा त्यात कशा आणायच्या? आणि खरं सांगू का, तोच पॅड, तोच आवाज, मेनू उघडताना होणारी ती लाइट हे सगळं पायजे.

राजारामपुरी_पॅड
मी सांगते, आमच्या घरी हेच सुरू आहे, माझी दोन्ही मुलं त्यावर खेळतात. तुला पाहिजे तो छोटा डबा, एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. एका बाजूला लाल पांढरं पिवळं सॉकेट, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, आणि बाजूला ५ व्होल्टचं यूएसबी पॉवर. चारपाचशेच्या आसपास मिळतो.

पण घेताना डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाच. अगदी तसाच दिसणारा उलटा डबा पण येतो, एचडीएमआय टू एव्ही, नवीन सेट टॉप बॉक्स जुन्या टीव्हीला लावायला. रंग तोच, आकार तोच, दुकानदार पण गडबडीत उलटा देतात. आपल्याला इनपुटला एव्ही आणि आउटपुटला एचडीएमआय पाहिजे.

जोडताना सगळं बंद ठेवून जोड. जाड पीएस२ ची पिन दोन पायांची असते, अर्थिंग नसतं, धातूच्या भागाला हात लागला तर बारीक मुंग्या येतात आणि चालू असताना एचडीएमआय खुपसलं तर पोर्ट जाऊ शकतो. आधी सगळ्या वायरी, मग मॉनिटर, मग डबा, शेवटी पीएस२. डब्याला पॉवर मोबाईलच्या चार्जरनं दे.

डब्यावर ७२० आणि १०८० असं बटण असतं. दोन्ही लावून बघ आणि जे नीट दिसेल ते ठेव, पीएस२ चं मूळ चित्रच लहान असल्यामुळं १०८० केल्यानं जास्त बारकावे येत नाहीत. आवाज एचडीएमआयमधूनच जातो आणि तुझ्या मॉनिटरच्या हेडफोनच्या भोकातून बाहेर येईल, तिथं कॉम्प्युटरचे स्पीकर लाव.

बावड्याचा_पिक्सेल
ताईंनी सांगितलेला डबा चालतो हे खरं, पण चित्र धूसर येतं, कारण सुरुवात पिवळ्या पिनेपासूनच आहे. एकदा उजेड आणि रंग मिसळले की पुढं कितीही भारी डबा लावा, पूर्ण वेगळे होत नाहीत. पीईएसमध्ये वरच्या कोपऱ्यातला स्कोअर आणि खालच्या रडारवरचे ठिपके बघा, कडा पाझरल्यासारख्या दिसतात.

त्यापेक्षा पीएस२ टू एचडीएमआय असा एक छोटा प्लग मिळतो, डायरेक्ट मागच्या एव्ही मल्टी आउटमध्ये बसतो. तो पिवळा सिग्नल घेतच नाही, कॉम्पोनंट घेतो. रंग एकदम स्वच्छ. बाजूला ३.५ एमएमचं स्पीकरचं भोक पण असतं. फक्त पीएस२ च्या सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कॉम्पोनंट व्हिडिओ आउट हे आरजीबीवरून वाय सीबी सीआरवर करून घ्यावं लागतं, नाहीतर रंग भलतेच येतात. हे सेटिंग आधी जुन्या वायरीनं कुठल्याही टीव्हीवर लावून करून घ्या, डिस्क न घालता चालू केलं की तो मेनू येतो.

उद्यमनगर_सोल्डर
@बावड्याचा_पिक्सेल रंगाचं बरोबर, पण ह्या प्लगमध्ये एक मोठी अडचण हाय जी विकणारे सांगत न्हाईत. तो चित्र मोठं करत नाही. पीएस२ नं ५७६ आय (५७६ रेषा, आय म्हणजे इंटरलेस) दिलं तर एचडीएमआयमधून पण ५७६ आयच बाहेर, ४८० आय दिलं तर ४८० आय. टीव्हीला हे चालतं, टीव्हीत इंटरलेसचं अख्खं चित्र करायची चिप असती. कॉम्प्युटरच्या मॉनिटरमध्ये बऱ्याचदा ती नसतीच, मग नो सिग्नल. म्हणून पेठेतल्या भावाला डायरेक्ट तो घे म्हणून सांगायला माझं मन धजत न्हाई. आधी मॉनिटरचं मॅन्युअल उघड, मागच्या पानांवर सपोर्टेड मोडचा तक्ता असतो, त्यात ४८० आय, ५७६ आय दिसलं तर बिनधास्त घे. नसेल तर ताई म्हणत्यात तो डबाच बरा, कारण त्यात निदान मोठं करायची आणि इंटरलेस काढायची चिप हाय.

बावड्याचा_पिक्सेल
मान्य. माझा मॉनिटर टीव्ही ट्यूनरवाला आहे म्हणून माझ्याकडं चालतो. पण त्यावर पण उपाय आहे. काही गेम स्वतःच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अख्खं चित्र एका दमात देतात, ४८० पी, आणि ते मॉनिटर खुशाल घेतात. अमेरिकन एनटीएससी डिस्कमध्ये हे जास्त सापडतं, काही गेममध्ये सुरू होताना ट्रँगल आणि एक्स दाबून धरलं की विचारतं, काहींमध्ये ऑप्शनमध्येच असतं. आणि ज्यांच्याकडं फ्री मॅकबूटचं (पीएस२ वर बाहेरची सॉफ्टवेअर चालवू देणारं) मेमरी कार्ड आहे त्यांना जीएसएम नावाचं व्हिडिओ मोड बदलणारं सॉफ्टवेअर वापरून जबरदस्तीनं ४८० पी करता येतं, सगळ्या गेमला जमत नाही, काहींत व्हिडिओ क्लिप गडबडतात. ९०००० सिरीजच्या शेवटच्या स्लिममध्ये फ्री मॅकबूट चालत नाही हे पण ध्यानात ठेवा.

पेठेतला_स्ट्रायकर
मॅन्युअल काढलं. तक्त्यात ६४० बाय ४८० पासून सुरू, आयवालं काहीच न्हाई. म्हणजे ताईंचा डबा.

पण मला एक भीती हाय. मित्राकडं मोठ्या टीव्हीवर खेळलो तेव्हा बटण दाबलं की खेळाडू उशिरा मारायचा. पेनल्टीला तर गोलकीपर बॉल गेल्यावर उडी घ्यायचा. इथं पण तसंच झालं तर काय उपयोग.

उद्यमनगर_सोल्डर
ह्याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण फुटबॉलला हेच सगळ्यात महत्त्वाचं.

६० हर्ट्झला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदाची. स्वस्त डबा एक-दोन फ्रेम साठवून मग बाहेर सोडतो, म्हणजे तीसेक मिलिसेकंद तिथं गेले. ते एकटं सहन होतं. पण टीव्हीत पुढं अजून प्रोसेसिंग असतं, चित्र गुळगुळीत करणं, नॉइज काढणं, आणि ते मिळून उशीर जाणवायला लागतो. मित्राच्या टीव्हीवर गेम मोड चालू करून बघा, फरक पडतोय का. मॉनिटरमध्ये हे असलं प्रोसेसिंग कमी असतं, म्हणून तोच डबा मॉनिटरवर टीव्हीपेक्षा चपळ वाटतो. जुना खेळाडू जुना कन्सोल खेळायला मॉनिटर शोधतोय म्हटलं की मला आनंद होतो तो ह्यासाठीच, हा नाइलाज नाही, नीट जोडलं तर चांगली निवड हाय.

आवाज एचडीएमआयऐवजी थेट पीएस२ च्या लाल पांढऱ्या पिनेतून स्पीकरला दिला तरी चालतं, आरसीए टू ३.५ एमएम जोड मिळतो. किक मारल्याचा आवाज वेळेत आला की हाताला पण खेळ वेळेत वाटतो.

यूएसबी कॅप्चर कार्ड लावून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर खेळायचा सल्ला कुणी देईल, तो रेकॉर्डिंगसाठी ठीक, खेळायला नको. उशीर लय वाढतो.

जुन्या_कॅसेटा
इथं अजून एका वस्तूचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितोय. एक्स्टर्नल टीव्ही ट्यूनर बॉक्स. केबलचा टीव्ही कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर बघायला आपल्याकडं किती घरांत होता तो. कॉम्प्युटर बंद असला तरी चालायचा. मागं केबलची पिन, एव्ही इन, कधी एस व्हिडिओ, आणि बाहेर व्हीजीए. त्याच्या आत नेमकं तेच काम होतं जे वर सगळ्यांनी सांगितलं, १५ वरून ३१ किलोहर्ट्झ, इंटरलेस काढणं, सगळं. आणि केबल डिजिटल झाल्यापासून हे बॉक्स माळ्यावर पडून आहेत. नवीन काही घ्यायच्या आधी घरात आणि शेजारी विचारा. एस व्हिडिओ असेल तर पीएस२ ची एस व्हिडिओ वायर लावा, त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारेतून येतात, पिवळ्यापेक्षा नक्कीच स्वच्छ.

मला स्वतःला विचारायचं होतं, माझ्याकडं त्याच्याही आधीचा कॅसेटवाला गेम आहे, ८ बिट, बंदूकवाला. तो ह्याच बॉक्सवर लागतो, चित्र येतं, पण बदक मरतच नाही. बंदूक गेली म्हणायची का?

उद्यमनगर_सोल्डर
काका बंदूक बहुतेक चांगली असंल. ती फक्त डबा टीव्हीवरच चालती. खटका दाबला की गेम क्षणभर स्क्रीन काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधती. पिक्चर ट्यूबमध्ये तो चौकोन रेषेरेषेनं ताबडतोब उमटतो. एलसीडीत आणि मधल्या बॉक्समध्ये तो उशिरा येतो, तोवर गेमनं नेम चुकला म्हणून ठरवलेलं असतं. शिवाय बंदुकीतलं सर्किट ट्यूबचा तो १५ किलोहर्ट्झचा लखलखाटच ओळखायला बनवलंय, बल्बला धरून फसवता येऊ नये म्हणून. कॉम्प्युटरचा जुना ट्यूबवाला मॉनिटर घेतला तरी तिथं ३१ असतं. तुम्हाला डबा टीव्हीच शोधावा लागंल, आणि मिळाला तर सोडू नका.

राजारामपुरी_पॅड
काका, कॅसेटच्या गेमबद्दल अजून एक. ते इंटरलेस नसतात, २४० पी असतात, आणि स्वस्त डबे त्याला इंटरलेसच समजतात. त्यामुळं मार लागल्यावर लुकलुकणारा माणूस कधी अख्खा गायबच दिसतो, कधी त्यावर आडव्या रेषा येतात. पीएस२ वर पीएस१ च्या डिस्क घातल्या तरी हेच होतं. तुमचा गेम खराब नाही.

रंकाळा_नाईट्स
मग ह्या सगळ्याचा बाप कुठला डबा? पैसे घालायची तयारी असली तर?

बावड्याचा_पिक्सेल
ओएसएससी किंवा रेट्रोटिंक. ओएसएससी फ्रेम साठवतच नाही, रेष आली की तीच दोनदा काढून पुढं पाठवतो, म्हणून उशीर जवळपास शून्य. पण इंटरलेस गेमला थोडं थरथरतं आणि सगळे मॉनिटर त्याचा सिग्नल धरत नाहीत. रेट्रोटिंक ५एक्स २०२१ ला आला, पीएस२ साठी फार सुंदर काम करतो, इंटरलेस काढायचं त्याचं काम बघण्यासारखं आहे. दोन्ही बाहेरून मागवावे लागतात, कस्टम धरून किंमत पीएस२ च्या कितीतरी पट जाते.

ज्याला सोल्डरिंग येतं त्यानं जीबीएस ८२०० चा बोर्ड घ्यावा. आर्केड मशीनच्या ट्यूबा गेल्यावर कारागीर तोच बोर्ड घालून एलसीडी बसवतात. मूळ सॉफ्टवेअर साधारण आहे, पण त्यावर ईएसपी८२६६ ची चिप जोडून जीबीएस कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर घातलं की बोर्ड ओळखू येत नाही. कॉम्पोनंट आत, व्हीजीए बाहेर. बोर्डावर किती व्होल्ट छापलंय ते वाचूनच अ‍ॅडॅप्टर लावा.

आणि ज्यांना काहीच मधी नको त्यांनी जुन्या ऑफिसांतून निघालेले डेलचे २००७एफपी मॉनिटर दिसले तर थांबून बघा. २० इंची, ४:३, आणि मागं एस व्हिडिओ आणि पिवळं सॉकेट कंपनीनंच दिलेलं.

पेठेतला_स्ट्रायकर
अपडेट. आत्याच्या माळ्यावर ट्यूनर बॉक्स निघाला पण अ‍ॅडॅप्टर न्हाई, म्हणून तो बाजूला ठेवून एव्ही टू एचडीएमआय डबा आणला, डब्यावरचं वाचून. चित्र आलं!! लोगो आला तेव्हा खोलीत सगळी ओरडली. मेमरी कार्ड पण वाचलं, सगळ्या टीमा हायत.

@बावड्याचा_पिक्सेल म्हणाला तसं थोडं धूसर हाय पण मॅचमध्ये कळत न्हाई. उशीर पण जाणवंना. दोन प्रश्न. खेळाडू जाडे दिसालेत, आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र हलकं अडखळतंय.

राजारामपुरी_पॅड
जाडे दिसतात कारण डब्यानं ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलंय. मॉनिटरच्या बटणांत इमेज किंवा अ‍ॅस्पेक्ट शोध, ४:३ असेल तर लाव. दोन्ही बाजूला काळी पट्टी येईल, येऊ दे, बॉल गोल दिसेल.

उद्यमनगर_सोल्डर
अडखळण्याचं कारण ५० हर्ट्झ असंल. पॅल डिस्क सेकंदाला ५० देती, डबा ६० करून पाठवतो, मग मधी मधी एक फ्रेम दोनदा दिसती. बऱ्याच पॅल डिस्क सुरू होताना ५० की ६० विचारतात, तुझी विचारत असंल तर ६० घे.

आणि पोरं यायच्या आधी एक काम कर. ते ८ एमबीचं मेमरी कार्ड किती जुनं हाय बघ. एवढ्या वर्षांची मेहनत एकाच कार्डात ठेवू नको. दुसरं कार्ड घे आणि ब्राउझरमध्ये जाऊन सेव्ह त्यावर कॉपी कर. कॉपी झाली की दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून टीमा लोड होतात का ते पण बघ.

पेठेतला_स्ट्रायकर
६० केलं, ४:३ केलं, बॉल गोल झाला. कार्ड शोधालोय, कुणाकडं जास्तीचं असंल तर सांगा.

जुन्या_कॅसेटा
माझ्याकडं आहे एक, काळं, वापरात नाही. आणि त्या ट्यूनर बॉक्सचा मागचा स्टिकर वाचून व्होल्ट आणि अँपिअर इथं टाक, माझ्याकडं अ‍ॅडॅप्टरची पेटी भरून आहे, जुळणारा निघाला तर दोन्ही घेऊन शनिवारी बिंदू चौकात येतो.